एक महिना म्हणजे ६२० कॉप्या: आमच्या गेमचं कन्सोल पोर्ट

जून २०२३ मध्ये आम्ही आमचा पीसीवरचा गेम कन्सोलवर, म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारख्या मशीनवर न्यायचं (यालाच पोर्ट म्हणतात) ठरवलं तेव्हा एक्सेलच्या शीटमध्ये वरच्या कोपऱ्यात मी एक आकडा पिवळा करून ठेवला होता, ५,५५०. एवढ्या कॉप्या विकल्या की पोर्टचा खर्च वसूल. गेम बाहेर आला तेव्हा त्याच चौकटीत ८,०३० लिहिलेलं होतं. मधल्या काळात एकही लेव्हल वाढली नव्हती, किंमत तीच, खेळणारे तेच. मग अडीच हजार कॉप्या वाढल्या कुठून, ते सगळं लिहून काढतेय, कारण पुण्यात आता बरीच मुलं कन्सोलवर जायचं म्हणतायत आणि हे आकडे कोणी उघड बोलत नाही, आम्हालाही कोणी सांगितले नव्हते.

आम्ही चार जण. दोन प्रोग्रामर, एक आर्टिस्ट आणि मी, म्हणजे डिझाइन, प्लॅनिंग, मेलामेली, हिशोब सगळं माझ्याकडे. कोथरूडमध्ये दोन खोल्या भाड्याने. गेम आहे सह्याद्रीतल्या घाटवाटांवरून रात्रीचा निरोप पोचवणाऱ्या जासुदाचा, वाटेत चौक्या, धुकं, पाऊस, आणि हातात फक्त एक पलिता. अडीच वर्षं लागली पीसीवर आणायला. तो ठीक चालला, पगार निघाले, आणि मग मेल यायला लागले की हा कंट्रोलर घेऊन सोफ्यावर बसून खेळायचा गेम आहे, कन्सोलवर कधी येणार. कोणत्या कन्सोलवर नेला ते नाव घेत नाही कारण एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर सही केलीय आणि आतल्या बऱ्याच गोष्टी बोलता येत नाहीत, जे बोलता येतं तेच लिहिते.

पहिली शीट घेऊन मी सांगलीला मामाकडे गेले. मामा सीए आहे, गेम त्याने आयुष्यात खेळलेला नाही. मी सुरुवात केली की किंमत १४.९९ डॉलर, म्हणजे साडेबाराशे रुपये, तर तो म्हणाला, "अगं, किंमत नको सांगूस, एक कॉपी विकली की तुमच्या हातात किती पडतात ते सांग." आणि मला सांगता येईना. मग दुपारभर बसून आम्ही तेवढं एकच गणित केलं आणि मला वाटतं त्या वर्षातलं सगळ्यात उपयोगी काम तेच.

ते असं. १४.९९ ला कायम कोणी विकत घेत नाही. पहिल्या आठवड्यात थोडी सूट द्यावी लागते, मग दर दोन-तीन महिन्यांनी सेल येतो तिथे ४०-५० टक्के, ब्राझील, तुर्कस्तान, भारत इथे किंमत मुळातच कमी ठेवावी लागते, आणि युरोपात दिसते ती किंमत व्हॅट धरून असते. हे सगळं मिसळलं की गेमच्या आयुष्यभराची सरासरी साधारण ९ डॉलर धरली आम्ही. त्यातले ३० टक्के स्टोअरचे, राहिले ६.३०. डॉलर ८३ धरला तर ५२३ रुपये. रिफंड, बँकेचे चार्जेस, टॅक्समध्ये अडकणारे पैसे काढले की कॉपीमागे ५०० रुपये. साडेबाराशेचे पाचशे.

टॅक्सचं थोडं सांगते कारण इथे बरेच जण पैसे घालवतात. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथे आधीच टॅक्स कापला जातो, काहीच फॉर्म भरला नाही तर ३० टक्के. डब्ल्यू-८बेन-ई नावाचा फॉर्म नीट भरून पॅन नंबर दिला आणि भारत-अमेरिका कराराचा आधार घेतला की रॉयल्टीवर १५ टक्के होतो, आणि ते १५ इथे रिटर्न भरताना त्यासाठीचा फॉर्म (तेव्हा फॉर्म ६७) लावून वजा मागता येतात. आमची एलएलपी, म्हणजे भागीदारीची नोंदणीकृत संस्था असल्याने आमचा बेन-ई, एकट्याचं असेल तर नुसता बेन. मामाने हे सगळं एका कागदावर लिहून दिलं, तो कागद अजून माझ्या टेबलावर काचेखाली आहे.

मग खर्च. पगार, भाडं, लाइट, इंटरनेट मिळून महिन्याला ३ लाख १० हजार. पाच महिने धरले, १५ लाख ५० हजार. गेम युनिटीमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलाय आणि कन्सोलचं बिल्ड, म्हणजे तिथे चालणारी आवृत्ती काढायला आम्ही प्रो लायसन घेतलं, सीटमागे म्हणजे वापरणाऱ्या माणसामागे वर्षाला दोन हजार डॉलरच्या वर, तीन सीटचे सव्वापाच लाख. हार्डवेअर, शिपिंग, ड्युटी धरून दीड लाख. बाहेरच्या टेस्टिंगवाल्यांना दीड लाख. चार भाषांतली भाषांतरं दोन लाख, ट्रेलर आणि थोडंफार मार्केटिंग दोन लाख. बेरीज २७ लाख ७५ हजार. भागिले ५००. हा झाला पिवळा आकडा, ५,५५०.

वयाचं रेटिंग तेवढं फुकट झालं, आयएआरसी या आंतरराष्ट्रीय रेटिंग व्यवस्थेचा एकच फॉर्म भरला की अमेरिका, युरोप, जर्मनी, ब्राझील, ऑस्ट्रेलिया अशी रेटिंगं एकदम मिळतात, अर्ध्या तासाचं काम.

शीट पाहून मामा म्हणाला, "यात गेमचा खर्च कुठाय? हा तर माणसांच्या महिन्यांचा खर्च आहे." आणि खरंच, निम्म्याहून जास्त रक्कम म्हणजे माणसं गुणिले महिने. योगायोग असा की त्याच जूनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या कोर्टकेसमध्ये सोनीची कागदपत्रं बाहेर आली, आकड्यांवर काळं पेन फिरवलं होतं पण स्कॅनमध्ये खालचं वाचता येत होतं. द लास्ट ऑफ अस पार्ट टू चे २२ कोटी डॉलर, होरायझन फॉरबिडन वेस्टचे २१ कोटी २० लाख डॉलर, पाच वर्षं आणि काम ऐन भरात असताना ३०० माणसं. लोक म्हणतात ग्राफिक्समुळे खर्च वाढतो, ते बरोबरच आहे पण ग्राफिक्स म्हणजे शेवटी खुर्चीवर बसलेला माणूसच. तिकडे बजेट करताना एका माणसाच्या एका महिन्याला १० हजार डॉलर धरायची जुनी पद्धत आहे, आता तर त्याहून जास्त धरतात. ३०० माणसांचे त्या हिशोबाने वर्षाला ३ कोटी ६० लाख डॉलर होतात, कोणी एक ओळ कोड लिहायच्या आधी. आमचे चार जणांचे महिन्याचे ३ लाख १० हजार म्हणजे तिकडच्या एका माणसाच्या अर्ध्या महिन्यापेक्षा कमी. पण रचना तंतोतंत तीच.

ऑगस्टमध्ये एका परदेशी पब्लिशरशी, म्हणजे गेमला पैसे देऊन तो बाजारात आणणाऱ्या कंपनीशी बोलणं झालं. त्यांच्या फॉर्ममध्ये रकाना होता, पहिल्या वर्षी किती कॉप्या विकल्या जातील असं तुम्हाला वाटतं. मी विचारलं की हा आकडा बाकीचे कसा काढतात, तर त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, आपल्यासारखे आठ-दहा गेम घ्यायचे, पीसी स्टोअरवरचे त्यांचे रिव्ह्यू मोजायचे, एका रिव्ह्यूमागे ३० ते ५० कॉप्या धरायच्या, आणि कन्सोलवर त्याचा काही हिस्सा. म्हणजे जगभर जे अंदाज म्हणून फिरतं ते बऱ्याच वेळा असं असतं, आणि ३० धरले की ५० यावर सगळं उलटंपालटं होतं. आम्ही असे नऊ गेम काढले, उत्तर आलं ३ हजार ते १४ हजार. याला अंदाज म्हणायचं की काय ते मला आजही कळलेलं नाही.

त्यांची ऑफर वाईट नव्हती. ३० हजार डॉलर आधी देणार, १५ हजार ते मार्केटिंगला लावणार, आणि हे ४५ हजार पूर्ण वसूल होईपर्यंत विक्रीतला सगळा पैसा त्यांचा, नंतर निम्मं निम्मं. मी मामाची पद्धत लावली, ४५ हजार भागिले ६.३०, म्हणजे सुमारे ७,१०० कॉप्या विकल्यावर आम्हाला विक्रीतला पहिला रुपया दिसणार. आर्टिस्टचं म्हणणं घ्यावं, निदान झोप लागेल. आम्ही रात्री उशिरापर्यंत बोललो आणि नाही म्हणालो. बरोबर केलं का, तर त्या वेळी तरी प्रत्येकाने मनापासून नाही म्हटलं होतं एवढं सांगू शकते.

आता उशीर कसा झाला. सगळ्यात मोठा वाटा पावसाचा. गेमच्या तिसऱ्या भागात जासूद घाट उतरतो आणि मुसळधार पाऊस सुरू होतो, पलिता विझत जातो, सगळ्यांना आवडणारा प्रसंग. आमच्या पीसीवर तो सेकंदाला ६० फ्रेमला, म्हणजे ६० चित्रांच्या वेगाने, लोण्यासारखा चालायचा. कन्सोलवर पहिल्यांदा चालवला तेव्हा १७ फ्रेम. पावसाची प्रत्येक रेघ स्वतंत्र पार्टिकल, म्हणजे वेगळा हलणारा तुकडा होती, प्रत्येक रेघ दगडाला लागली की शिंतोडा, वर धुक्याचे सहा थर एकमेकांवर पारदर्शक, आणि पलित्याच्या ज्योतीची हलती सावली. पीसीवर करताना कोणी मोजलंच नाही की हे किती होतंय, ग्राफिक्स कार्ड दणकट होतं, खपून गेलं. आमच्या प्रोग्रामरने दोन महिने फक्त पाऊस केला. धुक्याचे थर सहावरून दोनवर आणले, शिंतोडे फक्त जासुदाच्या पायाजवळ ठेवले, लांबचा पाऊस म्हणजे एक सरकतं चित्र केलं, आणि सावली ज्योतीबरोबर दर फ्रेमला न काढता अधूनमधून काढली. शेवटी ३० फ्रेमला घट्ट बसला. पाऊस आता जास्त चांगला दिसतो असं मला प्रामाणिकपणे वाटतं, कारण आधी सगळीकडे सारखा पडायचा, आता पलित्याच्या उजेडापुरताच अंगावर येतो. पण दोन महिने म्हणजे ६ लाख २० हजार, भागिले ५००, १,२४० कॉप्या. तेव्हाच मी शीटमध्ये नवीन ओळ घातली, एक महिना बरोबर ६२० कॉप्या.

नंतर मराठी. पीसीवर आम्ही फक्त इंग्रजी दिली होती, कन्सोलला मराठी मजकूर द्यायचाच असं मी ठरवलं होतं, गोष्ट इथली, माणसं इथली, "पहारेकरी येतोय" हे वाक्य मराठीत वाचायला मिळू नये हे मला बघवत नव्हतं. मराठीच्या भाषांतराला पैसे नव्हतेच लागणार, मीच लिहिणार होते. पण युनिटीचं जे टेक्स्टचं साधन आम्ही वापरलं होतं त्याला देवनागरी जुळवता येत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायला पाहिजे ती उजवीकडे यायची, "किल्ला" मध्ये क नंतर वेलांटी आणि मग ल चा पाय मोडलेला हलन्त सुटा लटकलेला, "निरोप" वाचताच येईना, आणि रफार तर गायबच, "दर्या" चं काहीतरी भलतंच. अक्षरं सगळी होती पण एकमेकांचा हात धरत नव्हती. शेवटी आम्ही जुना मार्ग घेतला, पूर्वी डीटीपीवाल्यांकडे जे फॉन्ट असायचे ना, की जिथे अर्धा ल हे एक वेगळंच चिन्ह आणि वेलांटी आधी टाइप करायची, तसा एक फॉन्ट आमच्यापुरता बनवला आणि माझा युनिकोड मजकूर त्या क्रमात बदलून देणारा छोटा कन्व्हर्टर लिहिला. लहानपणी वडिलांच्या प्रेसमध्ये मी ते टायपिंग पाहिलं होतं म्हणून सुचलं. तीन आठवडे गेले. म्हणजे साधारण ४३० कॉप्या.

डिसेंबरमध्ये आम्ही असे अडकलेलो असताना स्पायडर-मॅनचे गेम करणाऱ्या इन्सोम्नियाक स्टुडिओची हॅकर्सनी फोडलेली कागदपत्रं जगभर छापून आली. स्पायडर-मॅन टू चं बजेट सुमारे ३१ कोटी ५० लाख डॉलर आणि खर्च निघायला पूर्ण किमतीच्या ७२ लाख कॉप्या विकल्या पाहिजेत. मी सवयीने भागाकार केला, कॉपीमागे साधारण ४४ डॉलर. ७० डॉलरचा गेम, ३० टक्के विकणाऱ्याचे, वर थोडं इकडेतिकडे, जुळतं की. मामाचंच गणित, शून्यं जास्त. आणि तेव्हा मला पहिल्यांदा नीट समजलं की "अपेक्षा" हा शब्द किती फसवा आहे, ७२ लाख लोकांना हा गेम आवडेल असं कोणी आधी बसून मोजलेलं नसतं, खर्च झालेला असतो आणि त्या खर्चाला जेवढी माणसं लागतात त्यांना अपेक्षा म्हणतात. तो गेम स्पायडर-मॅनचा होता म्हणून तेवढी माणसं मिळाली, पुढच्या एप्रिलपर्यंत १ कोटी १० लाख कॉप्या गेल्या. प्रत्येकाकडे स्पायडर-मॅन नसतो.

जानेवारीत सर्टिफिकेशन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पीसीवर तुम्ही बटण दाबून गेम सोडू शकता, कन्सोलवर आधी कंपनीची माणसं तो नियमांवर तपासतात, सोनीकडे त्याला टीआरसी म्हणतात, मायक्रोसॉफ्टकडे एक्सआर, निन्टेंडोकडे लॉटचेक. गेम चांगला आहे का हे ते बघत नाहीत, गेम वागतो कसा ते बघतात. पहिल्या वेळी आमचा गेम ११ मुद्द्यांवर परत आला. त्यातला एक कायम लक्षात राहील. गेम सेव्ह होत असताना कंट्रोलर बंद पडला तर पॉज होऊन मेसेज यायला पाहिजे, आमच्याकडे मेसेज यायचा, पण कंट्रोलर परत जोडल्यावर मेसेज जायचा आणि पॉज तसाच राहायचा, खेळणारा कायमचा अडकला. आम्ही चौघांनी सहा महिने खेळून हे सापडलं नव्हतं कारण आमच्यातल्या कोणीच सेव्हच्या त्या दोन सेकंदांत कंट्रोलर बंद केला नाही, का करेल कोणी. पण विकत घेतलेल्या माणसाच्या बॅटरीला ते माहीत नसतं. मला तपासणाऱ्यांचा राग नाही आला, उलट रिपोर्ट इतका नीट लिहिलेला होता की कितव्या पायरीला काय दाबलं तेही होतं. दुरुस्त करून पाठवला, दुसऱ्यांदा दोन मुद्दे, तिसऱ्यांदा पास. प्रत्येक फेरीला रांग, वाट बघणं, आणि वाट बघतानाही पगार चालूच, धरून सव्वा महिना.

एकूण पाचचे नऊ महिने झाले. चार महिन्यांचे १२ लाख ४० हजार वाढले, एकूण ४० लाख १५ हजार, आणि पिवळ्या चौकटीत ८,०३०. वाढीव पैशासाठी आमच्या आर्टिस्टने आणि मी, आम्ही दोघींनी संध्याकाळी बाहेरच्या मोबाइल गेमचं आर्टचं काम घेतलं आणि मी माझी एक एफडी मोडली. घरी आईला सांगितलं तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली की पाऊस दाखव, आणि दहा मिनिटं बघत बसली.

मार्च २०२४ मध्ये गेम आला. पहिल्या महिन्यात १,९४०. मग उतार, मग सेलला उसळी, परत उतार. मे २०२५ ला ६,९०० वर होतो. म्हणजे पहिल्या शीटप्रमाणे आम्ही केव्हाच पास झालोय, १,३५० कॉप्या जास्त विकल्यात. शेवटच्या शीटप्रमाणे १,१३० कॉप्या कमी, ५ लाख ६५ हजारांचा खड्डा. तोच गेम, तेच ६,९०० लोक.

२०१३ ची टॉम्ब रेडरची गोष्ट मी कॉलेजात असताना ऐकली होती, पहिल्या चार आठवड्यांत ३४ लाख कॉप्या आणि तो गेम काढणाऱ्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने सांगितलं की विक्री अपेक्षेपेक्षा कमी. तेव्हा आम्ही सगळे चिडलो होतो, ३४ लाख कमी कसे, हावरटपणा आहे. आता मी चिडत नाही, मला त्या गेमवर काम केलेल्या माणसांचं वाईट वाटतं. त्यांनी ३४ लाख लोकांना आवडेल असं काहीतरी केलं आणि त्यांना सांगण्यात आलं की पुरलं नाही, आणि न पुरण्याचं कारण गेममध्ये नव्हतंच, कुठल्यातरी शीटमधल्या महिन्यांत होतं. आमच्या आर्टिस्टने मे महिन्यात मला विचारलं, "म्हणजे आपला गेम चालला का नाही चालला?" आणि मी तिला दोन्ही शीट दाखवल्या. ती म्हणाली पहिली शीट भिंतीवर लाव. मी दोन्ही लावल्या.

पुढच्या गेमला काही गोष्टी बदलल्यात. पहिल्या महिन्यापासून रोज रात्रीचं बिल्ड कमी ताकदीच्या मशीनवर चालवतो आणि २५ फ्रेमच्या खाली काही गेलं की त्याच दिवशी थांबून बघतो. सर्टिफिकेशनच्या तीन फेऱ्या आधीच धरल्यात. आणि कॉप्यांचा आकडा मी आता आधी धरते, आमच्यासारख्या गेमांचा खालचा आकडा, ३ हजार, त्याला पाचशेने गुणून १५ लाख, त्यात चौघांचे किती महिने बसतात ते बघायचं, पाचही नाही बसत, तर मग तेवढाच छोटा गेम करायचा. छोटा म्हणजे एकच घाट, एकच रात्र. मला ते आवडायला लागलंय.

मराठीचा हिशोब राहिला. ज्यांनी माहिती पाठवायला परवानगी दिलीय त्यांच्यापैकी २१२ जणांनी भाषा मराठी ठेवलीय. ४३० कॉप्यांचा खर्च, २१२ माणसं. गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून एका काकांचा मेल आला, त्यांचा नातू मराठी बोलतो पण वाचत नाही, तर दोघं मिळून खेळतात, नातू कंट्रोलर धरतो आणि काका संवाद मोठ्याने वाचतात. मेलच्या शेवटी त्यांनी शुद्धलेखनाच्या चार चुका काढून दिल्या होत्या, लेव्हलच्या नावासकट, चारही बरोबर. दुरुस्त करून काल पॅच, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, तपासणीला टाकलाय, रांगेत आहे.